खंडेनवमीचा शेरा

विमान म्हटलं की माणसं वर बघतात. मी खाली बघतो. टपऱ्यांची छपरं, गोठ्यांच्या भिंती, भंगारवाल्यांच्या हातगाड्या, सगळीकडे माझी नजर आपोआप जाते आणि घरचे वैतागतात. घोटीला एका भातगिरणीच्या मागच्या भिंतीला अॅल्युमिनियमचा एक लांबट पत्रा ठोकलेला आहे. गिरणीवाल्यानं तो पावसाच्या झडीसाठी लावलाय. त्याच्या एका कडेला बारीक भोकांची ओळ आहे, प्रत्येक भोक अगदी सारख्या अंतरावर. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सोबत बायको होती, तांदळाची पोती रिक्षात चढवायची होती, आणि मी आपला भिंतीपाशी जाऊन त्या भोकांवरून बोट फिरवत उभा. गिरणीवाला बाहेर आला. "पत्रा पायजे का साहेब? आजून हायेत आपल्याकडं." मी नको म्हणालो. रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "तुमचं नेमकं हरवलंय तरी काय?"

ती भोकं रिव्हेटची होती, विमानाचे पत्रे जोडतात त्या खिळ्यांची. तो पत्रा माझ्याच एका विमानाचा असेल असं काही नाही, पण नसेल असंही मला ठामपणे म्हणता येत नाही.

नव्वदीच्या दशकात मी नाशिकजवळच्या एका छोट्या विमानतळावर नोकरीला होतो. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ती आता राहिलेलीही नाही. आमचं काम दुरुस्तीचं. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं, कधी फवारणीचं एखादं, कधी कुणा बड्या माणसाचं. मी डिप्लोमा करून, परीक्षा देऊन तिशीच्या आत तपासनीस झालो होतो. तपासनीस झालं की माणसाला त्याच्या नंबरचा एक शिक्का मिळतो, आठ आण्याच्या नाण्याएवढा. तो कागदावर उठला की विमान उडतं, नाही उठला की जमिनीवर बसून राहतं. मी तो शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि दर पाच मिनिटांनी वरून चाचपायचो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत.

हँगरपासून लांब, तारेच्या कुंपणालगत एक जुनं विमान उभं असायचं. दोन इंजिनांचं, पुढची चाकं उंच, शेपूट जमिनीला टेकलेलं आणि नाक आभाळाकडे. ज्या कंपनीचं ते होतं तिनं केव्हाच गाशा गुंडाळला होता. कुंपणापलीकडे माळ्यांची शेतं होती, झेंडूची, शेवंतीची, कोथिंबिरीची. दुपार कलली की विमानाच्या पंखाची सावली तारेपलीकडे जायची आणि फुलं तोडणाऱ्या बायका त्या सावलीत बसून भाकरी खायच्या. त्यांच्या लेखी ते एक मोठं झाडच होतं.

त्या विमानाचा एक माणूस होता. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मीही. पूर्वी ते त्या बंद पडलेल्या कंपनीतच हेडमिस्त्री होते, ती बुडाल्यावर आमच्याकडे लागले. पेठ रस्त्यावरच्या एका खेड्यातून मोपेडवर यायचे. शिक्षण सातवी. आमच्या जाडजूड पुस्तकांत जे लिहिलेलं असतं ते त्यांच्या बोटांत होतं, पण हे मला तेव्हा कबूल नव्हतं, कारण मग माझ्या डिप्लोम्याचं काय, असा प्रश्न पडला असता. इंजिनांच्या आवाजात उभा जन्म काढल्यामुळे त्यांचा एक कान तेव्हाच गेलेला होता. दर शनिवारी काम सुटलं की ते त्या विमानाकडे जायचे. इंजिनांचे दोन्ही पंखे हातानं फिरवायचे, म्हणजे इंजिन आतून धरत नाही, जाम होत नाही. चौघांना हाक मारून विमान हातभर पुढे ढकलायचे, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत. साळुंक्या घरटी करतात ती भोकं चिंध्यांनी बुजवायचे. विमान उडणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी एकदा त्यांना चिडवलं. "मिस्त्री, हे काय आता अंडी देणार आहे का?"

"म्हातारं झालं म्हून काय आंघोळ घालायची नाय?" ते म्हणाले आणि पंखा फिरवत राहिले.

मग एक दिवस शहराच्या कडेच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. कुणाकडून तरी त्यांना या विमानाबद्दल कळलं होतं. शाळेच्या मैदानात चार खांबांवर ते उभं करायचं, मुलांना शिडीनं आत चढू द्यायचं, असा त्यांचा विचार होता. बंद पडलेल्या कंपनीचा कारभार बघणाऱ्या कचेरीनं उत्तर दिलं की हरकत नाही, विमान भंगारात जायचंच आहे, शाळेला देऊन टाकू. फक्त एक अट. खांबांवर उभं करायचं आणि खाली मुलं खेळणार, तेव्हा पंखाचा मुख्य दांडा शाबूत असल्याचा तपासनीसाचा दाखला हवा. हा दांडा विमानाच्या पोटापासून पंखाच्या टोकापर्यंत आतून गेलेला असतो, घराच्या तुळईसारखा. तो धड असेल तर विमान शाळेत जाणार, नसेल तर भंगारात. तपासणी माझ्याकडे आली.

मिस्त्रींना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. शाळेची गोष्ट कळल्यावर त्या माणसाचं चालणं बदललं. ते स्वतः जाऊन शाळेचं मैदान पावलांनी मोजून आले. नाक कुठल्या दिशेला ठेवलं म्हणजे पावसाचा मार कमी बसेल ते त्यांनी ठरवलं. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी शाळेत जायचं आणि पोरांना पंखा फिरवायला शिकवायचं, हे त्यांनी मला एकदा नव्हे, दहा वेळा सांगितलं असेल. मी "हो हो" म्हणायचो. आठ दिवस झाले तरी मी तपासणी केली नव्हती. तीन फर्लांग चालत जाऊन एका मेलेल्या विमानाखाली झोपायचं, आणि तेही नव्या शिक्क्याच्या माणसानं, हे मला जरा कमीपणाचं वाटत होतं.

नवव्या दिवशी खंडेनवमी आली.

आमच्या हँगरमध्ये खंडेनवमी म्हणजे वर्षाचा सण. सकाळी सगळी हत्यारं पेट्यांतून बाहेर निघायची. पाने, पक्कडी, स्क्रूड्रायव्हर, ड्रिल, सगळं रॉकेलनं पुसून लाल कापडावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं. कुंपणापलीकडच्या माळणी पाट्या भरून झेंडू आणून द्यायच्या. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली असते, काय जागेवर नाही ते चटकन कळावं म्हणून. त्या दिवशी फळीवर नुसत्या आकृत्याच उरायच्या. पूजा मिस्त्री करायचे. आणि एकदा हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा नियम. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, पण पुस्तकातले नियम मोडणारी माणसंही तो पाळायची.

मिस्त्रींनी त्या जुन्या विमानाच्या दोन्ही पंख्यांनाही माळा घातल्या. त्यांनी ते दरवर्षीच केलं असेल, पण त्या दिवशी माळा जाड होत्या.

अकराच्या सुमारास ऑफिसातला कारकून आला. मॅनेजरसाहेबांना अहवाल आजच हवा होता, सुट्टी लागायच्या आत टपाल जाणार होतं. मी दोन दिवसांची सवड मागू शकलो असतो. मागितली नाही, कारण मग आठ दिवस काय केलं हे सांगावं लागलं असतं. मी फॉर्म घेतला आणि विमानाकडे निघालो. हातात काही नव्हतं. खिशात शिक्का आणि एक रुपयाचं नाणं.

पंखाच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक झाकण असतं. ते काढलं की मुख्य दांडा दिसतो. मी त्या झाकणाखाली उकिडवा बसलो आणि स्वतःशीच म्हणालो, आज स्क्रूड्रायव्हर नाही, सण आहे. मग मी नाणं काढून ठोकून बघायला लागलो. ही पद्धत खोटी नाही. धड धातू खणखणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. टोकाकडे आवाज छान खणखणीत होता. मुळाकडे सरकलो तसा तो बद्द झाला. दुसऱ्या पंखाकडे गेलो. तिथेही मुळाशी बद्द.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला आनंद झाला. उघडल्याशिवाय आपण रोग ओळखला, असं वाटलं. दोन्ही पंखांना एकाच जागी, एकाच लांबीचा गंज कसा लागेल, ही शंका कुणा शिकाऊ पोरालाही आली असती. मला आली नाही. तिथेच चाकावर फॉर्म ठेवून मी शेरा लिहिला: मुख्य दांड्यात आतून गंज, भार पेलण्यास अयोग्य. फॉर्मवर एक ओळ होती, तपासणी कशी केली त्याची. 'बाहेरून' आणि 'उघडून' असे दोन चौकोन. बाहेरून लिहिलं तर अहवाल परत आला असता. मी 'उघडून'वर खूण केली आणि शिक्का मारला.

परत आलो तर मिस्त्री प्रसाद वाटत होते. माझ्या ओंजळीत त्यांनी चुरमुरे आणि पेढा ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघून काही विचारलं नाही. सणाच्या दिवशी कामाचं विचारू नये, असं त्यांना वाटलं असावं.

महिन्याभरानं कचेरीचं पत्र आलं. विमान भंगारात. त्याच्याभोवती दोरी बांधून सील लावलं, कुणी हात लावायचा नाही अशी पाटी ठोकली. त्या दिवशी मिस्त्रींनी मला पाण्याच्या नळापाशी गाठलं.

"उघडून बघितलं व्हतं ना?"

"हो."

"आतून गंजलंय?"

"पार."

त्यांनी नळ बंद केला. ओले हात पँटला पुसले. मग म्हणाले, "मीच केलं मग. मी बारदान भरलं व्हतं आत. दरसाल पावसाआधी, ग्रीसमधी भिजवून, दांड्याच्या दोन्ही अंगाला, जुनं न काढता, ठासून भरायचो. हवा लागू नये म्हून. त्यानंच ओल धरली आसंल."

तेव्हा मला कळलं. बद्द आवाज गंजाचा नव्हता, बारदानाचा होता. त्यांनी त्याची कुठे नोंद केली नव्हती, कारण त्या विमानाची नोंदवहीच उरली नव्हती, आणि आमच्या धंद्यात जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. अजून विमान अख्खं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, मिस्त्री, थांबा, मी उघडलं नव्हतं. शिक्का गेला असता, नोकरी गेली असती कदाचित. मी म्हणालो, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

पुढचे कित्येक दिवस मी धास्तावलेला होतो की ते जाऊन झाकण उघडतील. ते गेले नाहीत. सील होतं हे खरं, पण सील त्यांना अडवतं असं मला वाटत नाही. एकाच्या शिक्क्यावर दुसऱ्यानं हात घालायचा नाही, तो त्या माणसाचा अपमान, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. शनिवारी ते दोरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांनी माझा मान राखला, आणि मी तो राखून घेतला.

उन्हाळ्यात मालेगावहून भंगारवाल्यांची टोळी आली. दोन ट्रक, सात-आठ माणसं, कुऱ्हाडी, घण, गॅसचे दोन सिलिंडर. आमच्यातर्फे कुणीतरी समोर उभं राहायला हवं होतं, मॅनेजरनं मलाच पाठवलं. मिस्त्रींनी रजा टाकली होती.

विमान कापताना कसं दिसतं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. पहिली कुऱ्हाड शेपटीवर पडली तेव्हा पोटातून साळुंक्यांचा थवा बाहेर पडला, म्हणजे चिंध्या मधल्या काळात निघाल्या होत्या. पत्रा फाटताना जो आवाज करतो तो कानाला ओळखीचा वाटतो आणि तेच वाईट असतं. दुपारपर्यंत शेपूट वेगळं झालं, पोट दोन जागी उघडं पडलं. आतल्या खुर्च्या बाहेर काढून त्यांनी ओळीत मांडल्या आणि त्यांवर बसून जेवले. तारेपलीकडच्या बायका भाकरी घेऊन आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, आणि मग दुसरीकडे सावली शोधायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पंख सोडवायचे होते. मुळाशी पोलादी जोड असतात, ते गॅसनं कापावे लागतात. टोळीचा म्होरक्या पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस होता. त्यानं गॅस पेटवायच्या आधी पंखाखाली वाकून बघितलं, म्हणाला, आत तेलाचं काही असेल तर भडका उडेल, पहिले बघून घेऊ. आणि त्यानं खिशातून एक नाणं काढलं.

झाकणाचे स्क्रू रुंद खाचेचे होते, अर्ध्या वळणात सुटणारे. नाण्यानं फिरले. एकेक करत सगळे. माझ्याही खिशात खंडेनवमीच्या दिवशी नाणं होतं, आणि मी ते ठोकायला वापरलं होतं. तेव्हा सणाच्या नावानं जे मी स्वतःला सांगत आलो होतो, ते त्या माणसाच्या दोन बोटांनी मिनिटभरात निकालात काढलं. सणाचा काही दोष नव्हता. मला वाकायचं नव्हतं.

झाकण निघालं. आतून काळपट बारदानाचे बोळे बाहेर आले, एकामागून एक, ग्रीसनं चकाकणारे. म्होरक्यानं ते बाजूला टाकले, बॅटरीचा झोत आत मारला आणि मला हात केला. मी वाकलो. दांडा हिरवा होता. कारखान्यातून निघताना धातूला जो फिकट हिरवा रंग देतात, तो जसाच्या तसा. कडेला कुणा कारागिरानं पेन्सिलीनं लिहिलेला आकडासुद्धा पुसला गेला नव्हता.

"साहब, ये तो अंदर से एकदम कोरा है," तो म्हणाला. "इसको कंडम किसने किया?"

"ऑफिसने," मी म्हणालो.

त्यानं दुसरा पंखही उघडून बघितला. तोही तसाच. मग गॅस पेटला. पोटाचे आधीच तुकडे झालेले होते, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण त्या हिरव्या दांड्याचा वीतभर तुकडा मी मागून घेऊ शकलो असतो. म्होरक्यानं हसत दिला असता. तो मिस्त्रींच्या घरी नेऊन ठेवला असता तर बोलायचीही गरज पडली नसती. मी मागितला नाही. संध्याकाळी ट्रक भरून मालेगावच्या रस्त्याला लागले, आणि हँगरच्या पत्र्यावर त्यांच्या हॉर्नचा आवाज आदळला तेवढा मला आठवतो.

ती जागा नंतर कधी नीट भरली नाही. विमान जिथे उभं असायचं तिथे इंजिनांच्या तेलाचे दोन काळे डाग होते. भोवती गवत वाढायचं, डागांवर वाढायचं नाही. पुढच्या खंडेनवमीला मी हत्यारांची पूजा चुकवायला म्हणून बाहेर आलो तर त्या दोन डागांवर झेंडूच्या दोन माळा ठेवलेल्या होत्या. मिस्त्री आत प्रसाद वाटत होते. मी चुरमुरे घेतले नाहीत, पोट बिघडलंय म्हणालो. ते म्हणाले, "ओवा खा."

मला तेव्हापासून काहीही ठोकलं की ऐकू येतं. बाजारात कलिंगडवाला फळावर टिचकी मारतो, शेजारी भिंतीत खिळा ठोकतो, डॉक्टर छातीवर बोटं ठेवून वाजवतो. सगळ्यात आधी मी ऐकतो ते खणखणीत आहे की बद्द. भूत म्हणजे पांढऱ्या साडीतली बाई असं लहानपणी ऐकलं होतं. माझं भूत एवढंसं आहे, आणि ते दिवसा येतं.

मिस्त्री निवृत्त झाले. द्राक्षबागांना फवारणीची यंत्रं लागतात, त्यांच्या दुरुस्तीचं एक छोटं दुकान त्यांनी रस्त्यालगत टाकलं. हात असा की महिन्याभरात रांग लागली. सहा महिन्यांत त्यांनी ते बंद केलं. एका बागाईतदाराचं यंत्र ऐन हंगामात धरलं होतं. चूक त्याचीच, त्यानं त्यात पाणी ठेवलं होतं. पण मिस्त्रींनी कुणाचं ऐकलं नाही. "मी जपाया जातो आन् सडवून ठेवतो," म्हणाले आणि शटर ओढलं. त्यानंतर त्यांनी हत्यार धरलं नाही. घरातल्या मोटरीला साधं तेल घालायचं तरी पोराला हाक मारायचे.

आणि ते ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे. हे मला सर्वांत असह्य व्हायचं. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी पंगतीत बसलो होतो, आणि ते पलीकडच्या पाहुण्यांना सांगत होते की आपण एक धडधाकट विमान मायेपोटी कसं सडवलं. शाळेच्या पोरांच्या तोंडातला घास आपण कसा काढला. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्यानं बघितला त्यो गंज. विचारा ह्याला." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पानात जिलेबी होती, ती मी संपवली.

अशी दहा-बारा वर्षं गेली. हँगरमध्ये मी मोठा साहेब झालो. नव्या पोरांना मी सांगायचो की उघडल्याशिवाय 'उघडून'वर खूण करू नका, आणि ती पोरं वहीत लिहून घ्यायची. माझ्या कडकपणाचं विमानतळावर कौतुक होतं. खाई त्याला खवखवे, पण माझ्या बाबतीत खवखव कुणाला दिसत नव्हती.

एके दिवशी मिस्त्रींचा मुलगा मला बाजार समितीपाशी भेटला. म्हणाला, "आबांचं लय आवघड झालंय. दुसरा कानबी कधी चालतो, कधी नाय. आन् घरात कशालाच हात लावत नायत. परवा नातवानं सायकलची चेन बशीव म्हणून हट्ट धरला, तर उठून मागल्या दारी गेले. लपल्यावाणी. तुमचं ऐकतात ते. तुमी एकदा या, समजवा."

तुमचं ऐकतात ते. त्या वाक्यानं मला तीन रात्री झोप लागली नाही. रविवारी सकाळी गेलो.

मिस्त्री ओसरीवर खाटेवर बसले होते. वाळलेले, पण पाठ ताठ. मला बघून खूश झाले, बसायला खाटेची कड पुसली. घरचे त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचे, नातवाची पाटी खाटेशीच होती. सून चहा ठेवायला आत गेली. मी पाटी उचलली. मोठ्यानं बोलायला नको, हेच मला तेव्हा सोयीचं वाटलं, हे कबूल करतो. मी लिहिलं: त्या दिवशी मी झाकण उघडलं नव्हतं. नाण्यानं ठोकून लिहिलं. पाटी भरली. त्यांनी वाचली, मला परत दिली. मी पुसून पुढे लिहिलं: कापताना बघितलं. आतून नवंकोरं होतं. तुमच्या बारदानानं ते टिकलं होतं.

ही दुसरी पाटी त्यांनी फार वेळ हातात धरली. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आता ते रडतील, किंवा मला मारतील, आणि दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. त्यांनी पाटी पालथी करून खाटेवर ठेवली आणि घराकडे तोंड करून हाक मारली. मुलाला, सुनेला, नातवाला, आणि पडवीत शेंगा निवडत बसलेल्या बायकोला. सगळे आले. सुनेच्या हातात चहाचा कप होता, तो तिनं कुणालाच दिला नाही.

"ह्या समद्यांना मी सांगितलंय, मी सडवलं म्हून," मिस्त्री म्हणाले. "आता तू सांग. तोंडानं. मलाबी ऐकू आलं पायजे."

मी खंडेनवमीपासून सुरुवात केली. कारकून, फॉर्म, नाणं. मुलाचा चेहरा हळूहळू बदलत गेला, तो मी बघू शकलो नाही म्हणून मी जमिनीकडे बघून बोललो. जिथे यायचं होतं तिथे आलो आणि माझा आवाज खाली गेला. "मी उघडून बघितलं नव्हतं."

मिस्त्रींनी कानामागे हात धरला. "काय?"

"मी उघडून बघितलं नव्हतं."

"मोठ्यानं बोल."

शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. मी उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, जेवढा आवाज माझ्यात होता तेवढ्या आवाजात, की मी उघडून बघितलं नव्हतं. विमान धड होतं. मिस्त्रींची काही चूक नव्हती.

त्यांनी कानामागचा हात खाली घेतला.

"पयल्यांदा बोललास तवाच ऐकू आलं व्हतं," ते म्हणाले.